फुटांत मोजलेला इतिहास

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा महाराष्ट्रात चर्चा झाली ती वाऱ्याच्या वेगाची, गंजलेल्या नटबोल्टांची, कंत्राटाची आणि जबाबदारीची. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनाचे औचित्य साधून पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला पुतळा नऊ महिनेही टिकू नये, ही गोष्ट लाजिरवाणीच होती. पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत माफी मागितली, शिल्पकार आणि संरचना सल्लागार यांना अटक झाली, विरोधकांनी मुंबईत मोर्चा काढला. सारे अपेक्षित क्रमाने घडले. पुढे मे २०२५ मध्ये त्याच जागी राम सुतार आणि त्यांचे चिरंजीव अनिल सुतार यांनी घडवलेला नवा, चबुतऱ्यासह नव्वद फुटांहून उंच असा ब्राँझचा पुतळा उभा राहिला आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी गृहीत धरले.

मिटले ते बांधकामाचे प्रकरण. कलेचा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारलाच नाही. पडलेला पुतळा शिवाजी महाराजांविषयी काय सांगत होता? आणि त्या जागी उभा राहिलेला पुतळा काय वेगळे सांगतो आहे? पुतळा किती फूट, किती टन, किती कोटी, हे शाळकरी मुलालाही पाठ झाले. त्यात महाराजांच्या आयुष्यातला कोणता क्षण, कोणता विचार शिल्पकाराने पकडला, याचा उल्लेख ना सरकारी प्रसिद्धिपत्रकात, ना टीकाकारांच्या भाषणांत. ऐतिहासिक पुरुषाची प्रतिमा घडवणारा कलावंत हा इतिहासाचा भाष्यकारच असतो. बखरकार शब्दांतून जे करतो, ते तो मातीतून करतो. त्याला भाष्य करूच द्यायचे नाही असे आपण नकळत ठरवून टाकले आहे की काय, अशी शंका गेल्या काही वर्षांतल्या घडामोडी पाहता येऊ लागते.

राजकोटवरून समोर समुद्रात सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये महाराजांनी ज्याची पायाभरणी केली, त्या जलदुर्गात शिवराजेश्वराचे छोटेसे मंदिर आहे. ते राजाराम महाराजांनी बांधले. आतली मूर्ती प्रथमच पाहणारा माणूस थोडा गोंधळतो, कारण आपल्या डोळ्यांत ठसलेले महाराज तेथे नाहीत. मूर्तीला दाढी नाही. डोक्यावर जिरेटोप नसून कोळी बांधवांच्या टोपीची आठवण करून देणारे शिरोभूषण आहे. बसलेली, शांत, दर्यावरच्या माणसांना आपली वाटावी अशी ही मूर्ती आहे. महाराजांच्या पुत्राने बांधलेल्या मंदिरात, महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात असताना, कुणा अनाम मूर्तिकाराने राजाचे हे रूप घडवले. ते हुबेहूब आहे की नाही, हा वाद येथे गौण आहे. त्या मूर्तिकाराने ज्या भूमीवर आणि ज्या लोकांसाठी काम केले, त्यांच्या नजरेतून राजाकडे पाहिले, एवढे मात्र स्पष्ट दिसते. तीनशे वर्षांनंतर खाडीच्या अलीकडच्या काठावर, तेही नौदल दिनासाठी, पुतळा उभारताना या मूर्तीची आठवण कुणालाही झाली नाही.

महाराजांचा चेहरा कसा होता, या प्रश्नाची चित्तरकथा मोठी रंजक आहे. सुरतेचा इंग्रज पाद्री एस्कालियट याने १६६४ च्या जानेवारीत लिहिलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन मध्यम उंचीचे, ताठ बांध्याचे, तीक्ष्ण नजरेचे आणि आपल्या लोकांपेक्षा उजळ वर्णाचे असे केले आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी हिंदुस्थानात आलेला फ्रेंच प्रवासी थेवनो महाराजांना ठेंगणे आणि सावळे म्हणतो. डोळ्यांच्या तेजाबद्दल मात्र दोघांचे एकमत आहे. ब्राँझमध्ये काम करणाऱ्या शिल्पकाराची वर्णाच्या पेचातून आपोआप सुटका होते, चित्रकाराची होत नाही! इटालियन प्रवासी मनुची याने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून करवून घेतलेले महाराजांचे अश्वारूढ चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. डच चित्रे युरोपात पोहोचली आणि व्हॅलेंटाइनच्या १७२० च्या दशकातील ग्रंथात तर महाराजांचे चित्र छापलेही गेले. महाराष्ट्रात मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत भलत्याच माणसाचे चित्र शिवाजी म्हणून घरोघरी लावले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी चिकाटीने शोध घेऊन १९३३ मध्ये विश्वसनीय चित्र महाराष्ट्रापुढे ठेवले, तेव्हा कुठे ही चूक दुरुस्त झाली.

या घटनेचे महत्त्व केवळ चेहऱ्यापुरते नाही. संशोधकाने पुरावा द्यायचा आणि कलावंताने त्या पुराव्याशी झगडून प्रतिमा घडवायची, असे एक नाते यातून आकाराला आले. पुरावा अपुरा असतो, परस्परविरोधीही असतो. त्यातून निवड करणे हेच कलावंताचे काम.

बेंद्र्यांचे चित्र प्रसिद्ध होण्याच्या पाच वर्षे आधी, १९२८ मध्ये, पुण्यात भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात विनायकराव करमरकरांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. त्यामागचा इतिहास विलक्षण आहे. महाराजांचे भव्य स्मारक व्हावे ही कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. तिची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजी बसवली ती प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाने! परकीय सत्तेविरुद्ध राज्य उभारणाऱ्या पुरुषाच्या स्मारकाचा पहिला दगड परकीय सत्तेच्या वारसाने बसवावा, हा विरोधाभास तेव्हाही लोकांना जाणवला होता. त्या दिवसांत युवराजाच्या दौऱ्यावर काँग्रेसने बहिष्कार पुकारलेला होता. शाहू महाराजांचे गणित निराळे होते. महायुद्धात मराठा सैनिकांनी रक्त सांडले होते, त्या मराठ्यांच्या इतिहासाला साम्राज्याकडून मान्यता मिळवून घ्यायची, आणि ती घेताना शिवाजी कुणाचा या पुण्यातल्या वादात बहुजन समाजाचा दावाही ठामपणे मांडायचा, असे ते दुहेरी राजकारण होते. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये पोवाडा रचून महाराजांना कुळवाड्यांचा राजा म्हणून उभे केले. पुढे लोकमान्यांनी शिवजयंतीच्या उत्सवातून त्यांना परसत्तेविरुद्धच्या असंतोषाचे प्रतीक केले. भांबुर्ड्याचा पुतळा या दोन्ही वाटांच्या मधोमध उभा राहिला.

इतक्या राजकारणाच्या ओझ्याखाली करमरकरांनी काय केले? अलिबागजवळच्या सासवण्याचा हा मुलगा. त्याने देवळाच्या भिंतीवर काढलेले चित्र पाहून ऑटो रॉथफिल्ड या कलेक्टरने त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले, ही कथा प्रसिद्धच आहे. पुतळ्याचे काम करताना त्यांचे वय जेमतेम पस्तिशीचे होते. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा त्यांनी एकसंध ओतून घेतला; त्या काळच्या साधनांचा विचार करता हे धाडसच म्हणायचे. पण पुतळ्यापुढे उभे राहिले की तंत्राचा विचार मागे पडतो. घोडा आणि स्वार यांच्या बांध्यात, लगामाच्या ताणात, मानेच्या वळणात एक संयम आहे. तेथे आक्रस्ताळेपणा नाही. हा स्वार शत्रूवर तुटून पडतो आहे असे वाटत नाही. पुढची वाट त्याने आधीच हेरून ठेवली आहे आणि घोडा त्याच्या मनाप्रमाणे चालतो आहे, असे वाटते. सत्ताधीश वेगळा, आश्रयदाता वेगळा, शहरातला वाद वेगळा. या सगळ्यांना पुरून उरेल असा महाराजांचा एक अर्थ करमरकरांनी शोधला. म्हणूनच कोनशिला कुणी बसवली, अनावरण कुणी केले हे आज कुणाच्या लक्षात नाही आणि पुतळा मात्र जवळजवळ शंभर वर्षे शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे ओढतो आहे.

स्वातंत्र्यानंतर पुतळ्यांच्या भाषेत साहजिकच बदल झाला. कोल्हापुरात तर तो स्वातंत्र्याच्या आधीच झाला होता. इंग्रज गव्हर्नरचा पुतळा हटवून १९४५ मध्ये त्या चौकात बाबूराव पेंटरांनी घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. हे तेच बाबूराव, ज्यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला होता. प्रतापगडावर ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या झेंड्यांनी त्यांचे स्वागत केले. अफझलखान प्रकरणावरील नेहरूंच्या जुन्या लिखाणाचाही राग त्यात मिसळलेला होता. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर २६ जानेवारी १९६१ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर सदाशिव ऊर्फ भाऊ साठे यांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला. तेथे पूर्वी पाचव्या जॉर्जचा पुतळा होता आणि तो घडवला होता गणपतराव म्हात्र्यांनी, म्हणजे ‘मंदिरपथगामिनी’सारखे अजोड शिल्प घडवणाऱ्या मराठी शिल्पकारानेच. बादशहाच्या आगमनासाठी बांधलेल्या कमानीसमोर महाराजांना आणून बसवणे, हे नव्या राज्याचे इतिहासावरचे भाष्य होते. जागेची निवडही अर्थ सांगते, याचे एवढे चांगले उदाहरण मुंबईत दुसरे नसेल. दादरच्या शिवाजी पार्कवरचा पुतळा पाहा. तेथे महाराजांनी तलवार उपसलेली नाही; मोकळा हात पुढे करून ते दिशा दाखवताहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ऐकलेल्या मैदानाला हा हात शोभून दिसतो.

एकाच पुरुषाचे तीन पुतळे आणि तीन अर्थ. हे वैविध्य कुणाला अपमानास्पद वाटले नव्हते, हे आज मुद्दाम नोंदवायला हवे.

मग हे कुठे बदलले? माझ्या मते, उंची हाच अर्थ ठरला तेव्हा. अरबी समुद्रातील शिवस्मारकाचे जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले. जगातला सर्वांत उंच पुतळा, ही त्या स्मारकाची ओळख. तिकडे नर्मदेकाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला, त्यामुळे येथला आकडा त्यापुढे जाणे भागच होते आणि तो २१२ मीटर ठरला. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी आराखडा बदलण्यात आला. तेव्हा समोर आलेली माहिती अशी की, प्रत्यक्ष पुतळ्याची उंची कमी करण्यात आली, तलवारीची लांबी वाढवण्यात आली आणि एकूण २१२ मीटरचा आकडा जसाच्या तसा राहिला. शिल्पात माणूस आणि त्याचे शस्त्र यांचे प्रमाण ठरते ते आशयानुसार, असा आजवरचा समज. येथे ते ठरले एका विक्रमाच्या हिशेबाने. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवायला सांगितले आणि स्मारक आजतागायत उभे राहिलेले नाही. पण आकड्यासाठी तलवार लांबवण्याची ती गोष्ट, आपण इतिहासाकडून काय मागतो आहोत हे सांगण्यास पुरेशी आहे.

या साऱ्या काळात शिल्पकार म्हणून एकच नाव पुन्हा पुन्हा पुढे येत राहिले, ते राम सुतार यांचे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा हा मोठा कलावंत डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी पार केल्यावर, निवर्तला. त्यांच्या मृत्यूनंतर बहुतेक लेखांत ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’ची उंची आली. चंबळेवरील गांधीसागर धरणाचे त्यांचे शिल्प मात्र क्वचितच आठवले गेले. चंबळ म्हणजे आई, तिच्या बाजूला दोन मुले, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान; पाण्यावरून भांडू शकणाऱ्या दोन राज्यांना सुतारांनी भावंडे करून टाकले. स्वतंत्र भारताने धरणांत आणि राज्यांच्या एकत्र येण्यात जे स्वप्न पाहिले होते, त्याचा अर्थ त्या ४५ फुटी शिल्पात भरून आहे. त्याची उंची कुणी विचारत नाही, कारण विचारण्यासारखे दुसरे तेथे पुष्कळ आहे. ज्या कलावंताने तारुण्यात अशी कल्पना केली, त्याच्याकडे उतारवयात देशाने प्रामुख्याने भव्यताच मागितली. दोष कुणाचा, हे वाचकांनी ठरवावे.

आता मालवणकडे पुन्हा वळू. राज्यात पुतळा उभारायचा तर मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. राजकोटच्या पुतळ्याबाबत आपल्यापुढे सहा फुटांचे मातीचे प्रारूप आले होते आणि प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटी होणार याची कल्पना नव्हती, असे संचालनालयाने दुर्घटनेनंतर सांगितले. सहा फुटांवर ठीक दिसणारी आकृती ३५ फुटांवर तशीच दिसत नाही. खालून पाहणाऱ्याला डोके लहान आणि पाय जड दिसतात, म्हणून मोठ्या शिल्पात प्रमाणे मुद्दाम बदलावी लागतात. हे शिल्पकलेच्या पहिल्या पाठांपैकी आहे. या कामाला वर्षे लागतात. येथे अनावरणाची तारीख आधी ठरली आणि शिल्प तिच्यामागे काही महिन्यांत धावले. पुतळा प्रमाणबद्ध नाही, तो बदलावा, असे संभाजीराजे छत्रपती यांनी अनावरणानंतर आठवडाभरातच पंतप्रधानांना लिहून कळवले होते. त्याची दखल घेतली गेली असती, तर पुढची नामुष्की कदाचित टळली असती.

या पुतळ्याच्या कपाळावर शिल्पकाराने व्रणाची एक खूण कोरली होती. अफझलखानाच्या भेटीतला तो वार, असे त्याचे म्हणणे. पुतळा कोसळल्यानंतर त्या खुणेवरून मोठा गहजब झाला. त्या भेटीत डोक्यावर वार झाल्याच्या कथा परंपरेत आहेत, चिलखताने आणि टोपाने वार अडवल्याच्याही आहेत. व्रण राहिला होता काय, राहिला असल्यास समकालीन चित्रांत तो का दिसत नाही, असे प्रश्न शिल्पकाराला विचारता आले असते आणि त्याने उत्तरही द्यायला हवे होते. तशी चर्चा झाली असती तर ती इतिहासाची चर्चा ठरली असती. पण वाद झाला तो अपमानाचा. मला विचाराल तर ती खूण चुकीची निवड होती. पुराव्याचा आधार नाही आणि शिल्पाच्या दृष्टीनेही तिने काही साधले नाही. तरीही त्या संपूर्ण पुतळ्यात शिल्पकाराने स्वतः काही म्हणण्याचा प्रयत्न केला तो तेवढाच.

अपमानाची ही भाषा पुतळ्यांपुरती राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ हा हिंदी चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला. प्रदर्शनाआधीच संभाजी महाराज लेझीम खेळतात या दृश्यावर आक्षेप आला आणि दिग्दर्शकाने ते काढून टाकले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला, नागपुरात दंगल झाली, आणि चित्रपटामुळे लोकांच्या भावना जागृत झाल्याचा उल्लेख खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात केला. एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. राजपुत्र लोकांत मिसळून लेझीम खेळतो, हा दिग्दर्शकाने लावलेला अर्थ समाजाला सोसला नाही. दीर्घ, रक्तबंबाळ छळाच्या दृश्यांवर मात्र कुणी हरकत घेतली नाही. राजाने आनंदी असणे हे त्याच्या प्रतिष्ठेला बाधक, आणि त्याचे विव्हळणे पाहणे हे भक्तीचे लक्षण! या मानसिकतेचा विचार मानसशास्त्रज्ञांनी करावा.

खरे तर संभाजी महाराजांचीच प्रतिमा कलावंत आणि संशोधक यांच्या देवाणघेवाणीचा सर्वोत्तम दाखला आहे. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने संभाजीराजांना व्यसनी, उतावळे ठरवले. बखरकाराच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, संभाजीराजांनीच मृत्युदंड दिला होता हे लक्षात घेतले की त्या शाईचा रंग कळतो. मराठी रंगभूमीने ती प्रतिमा बराच काळ वागवली. गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ त्याच परंपरेतले. त्यावरून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठेत फेकण्यात आला. प्रत्यक्षात गडकऱ्यांच्या त्या नाटकाला खरे उत्तर सत्तावन्न वर्षे आधीच दिले गेले होते. पुन्हा तेच वा. सी. बेंद्रे! दीर्घ संशोधनानंतर त्यांनी १९६० मध्ये संभाजीराजांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि चिटणिसी बखरीचा पाया खचला. दोनच वर्षांनी वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले. त्यात शिवाजी महाराज थकलेले आहेत, घरच्या कलहाने खचलेले आहेत, मुलाशी त्यांचे पटत नाही, आणि तरीही ते महाराजच आहेत. हे नाटक मराठी माणसाने डोक्यावर घेतले. पित्याचे दुःख पाहून महाराज आपल्याला अधिक मोठे वाटले. असे नाटक आज कुणी प्रथमच लिहिले तर त्याचा पहिला प्रयोग निर्विघ्न पार पडेल, अशी खात्री कोणता निर्माता देईल?

वीरपुरुष म्हणजे उंच चबुतरा आणि आवेश, ही मागणी आपलीच आहे असे नाही. फ्रान्समधल्या कॅले शहराने १८८० च्या दशकात ऑगस्त रोदँला काम दिले. १३४७ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या वेढ्यातून गाव वाचवण्यासाठी सहा नागरिक गळ्यात दोर घालून, किल्ल्या घेऊन शत्रूपुढे गेले होते. शहराला अपेक्षा होती वीरश्रीयुक्त स्मारकाची. रोदँने जुना वृत्तांत वाचला आणि मृत्यूकडे पावले टाकणारी सहा माणसे घडवली. एक खचलेला, एक संतापलेला, एकाने डोके दोन्ही हातांत धरलेले. त्यांना चबुतरा नको, रस्त्यावरच्या माणसांच्या पातळीवर उभे करा, असा त्याचा आग्रह होता. नगरपालिका नाराज झाली, काम रखडले, १८९५ मध्ये अनावरण झाले तेही उंच चबुतऱ्यावर. रोदँची इच्छा त्याच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पुरी झाली. आज कॅलेला लोक जातात ते ही सहा माणसे पाहायला.

आपल्याकडे असे करण्यासारखे क्षण कमी आहेत काय? चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र मराठी शाळांत शिकवले जाते. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणावैरण जपून वापरा, नाही तर कुणबिकांना उपद्रव द्याल आणि ते म्हणतील मोगल बरे. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताला आग लागेल, अशी तपशीलवार ताकीद त्यात आहे. राज्य उभारणारा पुरुष उंदराने पळवलेल्या वातीची काळजी करतो, हे दृश्य कोणत्याही लढाईपेक्षा नाट्यपूर्ण आहे. नौदलाचेच म्हणाल, तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गलबतांच्या लाकडाविषयी काय सांगितले आहे ते पाहावे. आंबा, फणस ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती जबरीने तोडू नयेत. एखादे जीर्ण झाड लागलेच, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. आरमार उभारण्याची ओढ आणि कुणाच्या परसातल्या फणसाचा मान, या दोन्ही गोष्टी एकाच राज्यनीतीत नांदत होत्या. नौदल दिनाच्या शिल्पासाठी यापेक्षा समर्पक विषय शोधून सापडला नसता. याउलट, सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाने स्वीकारलेल्या नव्या ध्वजावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. चेहरा नाही, तलवार नाही, केवळ एक आकार. तरीही इतिहासाशी त्याचे नाते जुळते. ज्याने कुणी तो आकार निवडला, त्याने निदान विचार केला होता.

तेव्हा प्रश्न कार्यपद्धतीचाही आहे. पुतळ्याची निविदा निघते तेव्हा तीत उंची, धातू, वजन, वाऱ्याचा दाब, मुदत आणि हमीची वर्षे असतात. मालवणनंतर या अटी अधिक कडक झाल्या, अभियंत्यांची तपासणी वाढली, हे चांगलेच झाले. परंतु कल्पना मागवणारी खुली स्पर्धा, तिच्या परीक्षक मंडळावर शिल्पकारांबरोबर एखादा मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक, स्पर्धेतल्या सर्व प्रारूपांचे लोकांसाठी प्रदर्शन, निवडीच्या कारणांची जाहीर नोंद, आणि अनावरणाची तारीख शिल्प पुरे झाल्यावरच ठरवण्याची अट, यांपैकी काहीही सक्तीचे झालेले नाही. कला संचालनालय आहे, जे. जे. कला महाविद्यालयाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून काही वर्षे झाली आहेत, करमरकरांचे सासवण्याचे शिल्पालय आणि डोंबिवलीतले भाऊ साठ्यांचे शिल्पालय या राज्यातच आहे. शिल्पकार तयार करणाऱ्या संस्थांना राज्यातल्या स्मारकांविषयी विचारायचे नाही, आणि पुतळा पडल्यावर मात्र त्यांच्याकडून चौकशी समितीसाठी नावे मागवायची, हा शिरस्ता कुठे तरी थांबवावा लागेल.

अरबी समुद्रातल्या स्मारकाचा विषय अधूनमधून अजूनही निघतो. ते पुढे सरकलेच, तर पहिली बैठक उंचीवर होणार की सिंधुदुर्गातल्या त्या बिनदाढीच्या, बसलेल्या मूर्तीपुढे, हे सरकारला आजच ठरवता येईल. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.